आज झाडं दाखवा

सागाचं पान पडताना ऐकू येतं. बाकीची झाडं कधी पान टाकतात ते सकाळी अंगण झाडायला घेतल्यावर कळतं. सागाचं हातभर लांबीचं, पापडासारखं वाळलेलं पान देठापासून सुटलं की खालच्या फांदीवर आपटतं, तिथून आणखी खालच्या फांदीवर, आणि शेवटी जमिनीवरच्या पानांवर येऊन खरखरतं. गेल्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात टिपेश्वरच्या रानात जिप्सीचं इंजिन बंद झालं आणि हा आवाज आधी एकदा, मग चारी बाजूंनी यायला लागला. पुढच्या सीटवरच्या गाइडनं ओठांवर बोट ठेवलं होतं. तो चितळाचा कॉल येतो का ते ऐकत होता. मी पानं ऐकत बसले.

जिप्सीत आम्ही सहा जण होतो. नागपूरहून आलेलं चौघांचं कुटुंब, माझी धाकटी बहीण आणि मी. सुन्ना गेटवर पहाटे नोंदणी करताना सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, काल दिसला का? टिपेश्वरला हे साहजिकच आहे. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतल्या टेकड्यांवरचं हे अभयारण्य जेमतेम १४८.६३ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली घोषित झालेलं. नाव पडलं टिपाई देवीवरून, पण आज लोक ते ओळखतात वाघांमुळे. इथे जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून, मराठवाड्यातून, उभ्या पिकांमधून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण वाट तीन हजार किलोमीटरहून जास्त भरली. नागपूरच्या कुटुंबातला दहा-बारा वर्षांचा मुलगा या ‘वॉकर’ची गोष्ट बहिणीला रंगवून सांगत होता. मला ते ऐकताना बरं वाटलं. मी पांढरकवड्याची. आमच्या भागाचं नाव एका वाघानं देशभर नेलं याचा मला अभिमान आहे.

पण त्या सकाळी माझी नजर सारखी झाडांवर जात होती. उजव्या हाताच्या चढावर एक झाड घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या घागरीसारखं चमकत होतं. खोड गुळगुळीत, राखाडी-पांढरं, आणि वर सगळी पानं तांबूस. मी हळूच विचारलं, “ते लाल झालेलं झाड कोणतं?”

गाइड वळला. तिशीचा असेल, अभयारण्याच्या काठच्याच गावचा. “धावडा हाय, मॅडम,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “हे कोनी विचारत नाई. वाघ कुठी हाय, एवढंच विचारतेत.”

त्यानंतरचे दोन तास त्यानं मला रान दाखवलं. बाकीच्यांसाठी तो पाणवठ्यांवर गाडी नेत राहिला, कॉल ऐकत राहिला, आणि मधल्या वाटेत मला झाडांची नावं सांगत गेला. पहिल्या तासात मी ‘मॅडम’ होते, दुसऱ्या तासात ‘ताई’ झाले.

पानांचे रंग पाहायला म्हणून प्रवासाला निघणं जगात नवं नाही. जपानात त्यासाठी स्वतंत्र शब्दच आहे, ‘मोमिजीगारी’. त्यातल्या ‘गारी’चा मूळ अर्थ शिकार. माणसं तिथे लाल पानांच्या शिकारीला निघतात. उत्तरेकडच्या होक्काइदोपासून रंग दक्षिणेकडे कसा सरकतो आहे याचे अंदाज तिथल्या बातम्यांत येतात, आपल्याकडे मॉन्सून कुठवर आला ते सांगतात तसे. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरमध्ये रस्ते गाड्यांनी भरून जातात ते झाडांसाठी. आपल्या काश्मीरमध्ये त्या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. श्रीनगरच्या नसीम बागेत चिनारांखाली पानांचा लाल थर साचतो आणि त्यावरून चालायला दूरदूरची माणसं येतात. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर त्याच श्रीनगरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूर ओलांडून आमच्या पांढरकवड्यातून कन्याकुमारीकडे जातो. एकाच रस्त्याच्या एका टोकाजवळ चिनार आहे आणि मध्यावर साग. चिनाराची पानगळ पाहायला आपण विमानानं जातो. सागाची पानगळ पाहायला म्हणून टिपेश्वरला कुणी आल्याचं त्या गाइडला आठवत नव्हतं.

याला थोडंफार भाषांतरही जबाबदार असावं. ‘ऑटम’ला आपण सरळ ‘शरद’ म्हणून मोकळे होतो. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरीचं चांदणं, धुतलेलं आभाळ. त्या दिवसांत आमच्या रानात पान गळत नाही. उलट पावसाचं पाणी पिऊन सगळी झाडं गर्द झालेली असतात. सागाची पानं तेवढी त्या सुमाराला अळीनं खाऊन जाळीदार केलेली दिसतात, शिरा शाबूत आणि मधला गर गेलेला. आमची पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात. उत्तरेकडच्या देशांतल्या झाडांना दिवस लहान होत जाण्याचा आणि थंडीचा इशारा मिळतो. इथल्या झाडांना इशारा मिळतो तो तहानेचा.

यवतमाळ जिल्ह्यात पाऊस पडतो तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे आठ महिने झाडाला मातीत मुरलेल्या ओलीवर काढायचे असतात. पान म्हणजे झाडाची उघडी दारं-खिडक्या. त्यातून पाणी वाफ होऊन सतत बाहेर जातं. सागाचं एवढं मोठं पान उन्हाळ्यात झाडावर ठेवणं म्हणजे भर वैशाखात रांजणाला भोक ठेवणं. म्हणून जमीन सुकायला लागली की झाड आवरायला घेतं. ते आधी हरितद्रव्य मोडतं, पानातलं नत्र परत फांदीत ओढून घेतं, स्फुरद काढून घेतं. हिरवा रंग उतरला की त्याच्याखाली वर्षभर दडलेला पिवळा दिसायला लागतो. धावड्यासारखी झाडं जाता जाता पानात नवा तांबडा रंगही भरतात. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा एक पातळ पडदा तयार होतो, पाण्याची वाट बंद होते, आणि पान सुटतं.

एका पाणवठ्याजवळ गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा शेजारच्या सागाची एक फांदी अगदी हाताशी आली होती. तोडायची नव्हती, नुसतं पाहत राहिले. सागाची कोवळी फांदी गोल नसते, चौकोनी असते, चार कडा हाताला लागतात. त्या कडांवर समोरासमोर दोन दोन खुणा होत्या, पुन्हा थोडं वर दोन, पुन्हा दोन. सागाची पानं जोडीनं येतात, म्हणून जखमाही जोडीनं. पण जखम हा शब्द तिथे लागू पडेना. प्रत्येक खूण कोरडी, पुरती बुजलेली, कडेनं नीट शिवल्यासारखी. त्यात बारीक ठिपके होते. पानात पाणी नेणाऱ्या नळ्या जिथे बंद झाल्या त्या त्या ठिकाणचे ते ठिपके. झाडाच्या अंगावर वर्षभराचा हिशेब चुकता केल्याची पावती होती ती.

“ताई, ते नाल्याकाठचं पाहा,” गाइड म्हणाला. समोर टेकडी होती. माथ्यावरचे साग पार उघडे, काठ्या रोवल्यासारखे. मधल्या उतारावर पिवळे, तपकिरी, तांबूस. आणि खाली नाल्याच्या दोन्ही अंगांना अजून हिरवी रेघ. “ज्या झाडानं पान ठेवलं, त्याच्या बुडाशी पानी हाय. आमची माय असंच पाहे. तेंदूपत्त्याले जाताना पियाचं पानी कुठी सापडन, ते झाडाले पाहून सांगे.” मग त्यानं ऐन दाखवला, त्याच्या बोलीत ‘येन’. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली काळी साल. याच्या खोडात पाणी साठतं, हे रानात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मी शाळेत भूगोल शिकले, कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा एक पेपर दिला, आणि पन्नाशीजवळ येऊन जमिनीखालचं पाणी पानांच्या रंगावरून वाचायला एका तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या मुलाकडून शिकले.

असंच रानातून शिकणारे मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. रानातल्या माणसांकडून शब्द आणि खुणा गोळा करत त्यांनी आयुष्य काढलं, आणि मराठीला पक्षिकोश दिला. ते गेले २०२५ च्या जूनमध्ये. त्यांच्यासारखं कुणी एकदा येऊन गेलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. माझ्यापुढे बसलेल्या माणसाजवळ अजून किती होतं, आणि त्याला रोज विचारला जाणारा प्रश्न एकच होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट नव्यानं दिसली. परदेशातलं ते प्रसिद्ध लाल पान पाहायचं तर झाडाचा हंगाम संपताना जावं लागतं. आमच्याकडे लाल रंगाची मोठी उधळण पान जन्माला येताना होते. नाल्याच्या वळणावर कुसुमाचं झाड होतं. त्याची जुनी पानं जवळपास संपली होती आणि शेंड्यांना नवी पालवी फुटत होती, कुंकवासारखी लाल. मी आधी फुलंच समजले. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरतं तयार व्हायच्या आधी हा लाल रंग त्याला उन्हापासून जपतो. आंब्याची, पिंपळाची कोवळी पानं तांबूस असतात ती याच जातीची. आणि भर उन्हाळ्यात, पाऊस तीन महिन्यांवर असताना, झाड हे नवं पान आणतं कुठून? पानगळीत जे आवरून ठेवलं, त्यातून. पिवळ्या पानातून परत काढून घेतलेलंच लाल पानात येतं. पानगळ आणि पालवी हे दोन ऋतू आहेत असं मला इतकी वर्षं वाटायचं. झाडाजवळ उभं राहिल्यावर कळतं की तो एकच व्यवहार आहे.

पळसाचंही तसंच. पळसाला पाने तीन, असं आपण कुठेही गेलं तरी गोष्ट तीच या अर्थानं म्हणतो. फाल्गुनात त्या तीनमधलं एकही नसतं. सगळी पानं उतरवल्यावर काळ्या वाकड्या फांद्यांवर केशरी फुलं येतात, आणि मध्ये आडोसा नसल्यामुळे ती पाखरांना लांबून दिसतात. काटेसावरीचंही गणित हेच. माझी आजी पळसाला ‘पयस’ म्हणायची. तिच्या घरच्या लग्नांत पंगती बसायच्या त्या पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर, आणि त्या आणायच्या रानालगतच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम बाया. हिरवं पान पत्रावळीला, फूल होळीच्या रंगाला, आणि गळलेलं पान जमिनीला. आमच्या घरात काटकसर हा शब्द फार वापरत, पण तिचं इतकं देखणं रूप मी झाडांतच पाहिलं.

ही काटकसर आम्हाला माणसांना किती अवघड जाते, तेही सांगायला हवं. २०१७ चा हंगाम आमच्या जिल्ह्यातला कोणताही कापूस उत्पादक विसरणार नाही. गुलाबी बोंडअळीनं त्या वर्षी शेतंच्या शेतं बसवली. आमच्या बाबांनी दोन वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी उपटली नाही. अजून एक वेचणी निघेल म्हणून विहिरीचं उरलंसुरलं पाणी दिलं. याला फरदड म्हणतात. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा, असं कृषी विभाग दर वर्षी सांगत आला आहे, कारण हिवाळ्यात हिरवं राहिलेलं बोंड म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंतचा मुक्काम. बाबांनाही ते माहीत होतं. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी एक बोंड माझ्या हातावर ठेवलं. वरून धड होतं. अंगठ्यानं फोडलं तर आत रुईची पिवळी कवडी झालेली, आणि दोन सरक्या अळीनं एकमेकींना चिकटवून पोखरलेल्या. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पऱ्हाटी उपटायला मजूर लावले.

बाबांनी ती पऱ्हाटी हावेपायी ठेवली नव्हती. समोर कर्जाचा हप्ता होता. झाडावर कर्ज नसतं, म्हणून त्याला वेळेवर सोडता येतं, असं मी तेव्हा रागानं म्हणाले होते. आता टिपेश्वरच्या त्या टेकडीसमोर मला वाटलं, झाडालाही आठ महिन्यांची तहान फेडायचीच असते. ती फेडायची म्हणूनच ते पान सोडतं. सोडायची वेळ ओळखणं हे झाडानं लाखो वर्षांत कमावलेलं शहाणपण आहे. ते बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि ते आमच्या घरापासून अर्ध्या तासावर दर वर्षी घडतं.

“आन वाघ बी पानावर चालत नाई, ताई,” परतीच्या वाटेवर गाइड म्हणाला. “वाजते ना. सावज पयते. म्हनून तो गाडीरस्ता धरते.” नागपूरचा मुलगा एकदम पुढे सरकला. गाइडनं त्याला समजावून सांगितलं. फेब्रुवारीनंतर वाघ जास्त दिसतो तो दोन कारणांनी. रान उघडं होतं, नजर लांब जाते. आणि जमिनीवर पानांचा जाड थर साचतो, म्हणून दबकत जायचं तर मोकळी धूळवाट बरी. म्हणजे जिप्सीतून वाघाचा जो फोटो निघतो, तो पानगळीनं दिलेला असतो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं विचारलं, “काका, हे कोणतं झाड?” त्या सकाळी आम्हाला वाघ दिसला नाही. त्या मुलानं मात्र गेटवर उतरेपर्यंत सात झाडांची नावं पाठ केली होती.

हाच पानांचा थर फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत वनविभागाची झोप उडवतो. वाळलेल्या पानांना वणव्यासाठी एक ठिणगी पुरते. ठिकठिकाणी जाळरेषा काढलेल्या दिसतात, म्हणजे पट्टा साफ करून, पानं आधीच जाळून ठेवलेली मोकळी रेघ, की आग आली तर तिथे थांबावी. मार्चमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप पडायला लागली की ती वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून झाडाखालची पानं पेटवण्याची जुनी रीत आहे, आणि त्यातून पुष्कळ वणवे लागतात. पानं जाळण्याऐवजी खराट्यानं झाडून घेतली किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर फूलही स्वच्छ मिळतं आणि रानही वाचतं. गळलेलं पान कचरा आहे ही समजूतच या आगीच्या मुळाशी आहे. ते पान पहिल्या पावसाचा मार अंगावर घेतं, माती धरून ठेवतं, कुजून पुन्हा मुळांना मिळतं. झाडानं वरून जे सोडलं ते खालून परत घेण्यासाठीच सोडलेलं असतं.

म्हणून माझं एक मागणं आहे. वाघासाठी टिपेश्वरला जरूर या. पण एकदा फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला फक्त पानगळीसाठी या. उमरखेडकडे सोय पडत असेल तर पैनगंगेच्या अभयारण्यात जा, तिथेही रान सागाचंच आहे. काडेपेटी आणि विडी-सिगारेट घरी ठेवा. पान, फूल, काडी काही सोबत नेऊ नका. दर काही मिनिटांनी गाडीचं इंजिन बंद करायला सांगा आणि साग ऐका. सोबत मुलं असतील तर त्यांना कुसुमाची पालवी दाखवा. वनविभागानं आणि गावागावांतल्या गाइडांनी मिळून फाल्गुनात झाडांसाठी वेगळी फेरी ठेवली, तर ती चालेल, असं मला मनापासून वाटतं. वाघ दिसेल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. धावडा दिसेल याची खात्री प्रत्येक गाइड देईल.

ती फेरी सुरू होईपर्यंत आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. गेटवर नोंदणी झाली, गाइड पुढच्या सीटवर येऊन बसला, की त्याला नमस्कार करा आणि सांगा, “भाऊ, आज झाडं दाखवा.”